घरच्या कॅसेटला ‘कॉपी प्रोटेक्टेड’ ठरवणाऱ्या रेकॉर्डरचे काय करावे?

लग्नाची, मुंजीची किंवा बारशाची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवायची असेल, तर आधी कॅसेटचे झाकण उचलून टेप नीट पाहावी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते आणि तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, तर हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब होतेच, शिवाय बुरशी पुढच्या कॅसेटनाही लागते. म्हणून अशी कॅसेट जाणकाराकडून साफ करून घेईपर्यंत चालवू नये. कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असल्यास ती तोडून टाकावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. त्यानंतर टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी आणि ट्रॅकिंग, म्हणजे टेपवरच्या नोंदीशी हेडचा मेळ, जुळवून घ्यावे.

खरी अडचण पुढे येते. माझ्या आजोबांच्या एकसष्टीची कॅसेट डीव्हीडी रेकॉर्डरने तीन वेळा नाकारली आणि दर वेळी पडद्यावर एकच संदेश आला, की ही कॅसेट कॉपी-संरक्षित आहे. घरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रीकरणावर असे संरक्षण कोण घालणार? विकतच्या चित्रपटांच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजन नावाचे तंत्र वापरले जात असे. त्यात, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत मुद्दाम चुकीचे स्पंद घातलेले असतात. नक्कल करणाऱ्या व्हीसीआरचे सिग्नलची पातळी आपोआप जुळवणारे सर्किट त्यांना फसते आणि उतरलेले चित्र कधी काळवंडते, तर कधी भगभगीत होते. डीव्हीडी रेकॉर्डर हे स्पंद ओळखून रेकॉर्डिंगच बंद करतो. जुन्या, ताणलेल्या किंवा कडा चुरगळलेल्या टेपचा सिग्नल त्याच ओळींमध्ये डळमळतो आणि यंत्र त्या दोषालाच संरक्षण समजते.

यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे व्हीसीआर आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये पूर्ण फ्रेमचा टाइम बेस करेक्टर जोडणे. हे उपकरण संपूर्ण फ्रेम साठवून ती नव्या, स्थिर स्पंदांसह पुढे पाठवते, त्यामुळे खोटा इशारा थांबतो आणि चित्राच्या उभ्या रेषांची थरथरही पुष्कळ कमी होते. ते महाग असते, तरी दहा-पंधरा कॅसेट असतील तर नातेवाइकांनी मिळून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर दुसऱ्या व्हीसीआरवर कॅसेट लावून पाहावी, कारण हेड बदलले की पुष्कळदा सिग्नल सुधारतो.

हे उपकरण विकतच्या कॅसेटवरील संरक्षणही पुसून टाकते. पण हक्कभंगाच्या हेतूने तसे करणे हा कॉपीराइट कायद्याच्या २०१२ साली जोडलेल्या कलम ६५अ प्रमाणे गुन्हा आहे. मोबदला देऊन करवून घेतलेल्या लग्नाच्या चित्रीकरणाचा पहिला हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे ते करवून घेणाऱ्याचाच असतो.

टीव्हीच्या चित्रसिग्नलच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या असतात; आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या असतात, तर अमेरिकेतल्या आप्तांकडून आलेल्या एनटीएससी पद्धतीच्या; त्यांना दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर लागतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांपेक्षा अधिक चित्रीकरण कोंबू नये, आणि तीन तासांची कॅसेट असेल तर दोन डिस्क कराव्यात. शेवटी डिस्क फायनलाइज करून, म्हणजे इतर प्लेअरवर चालेल अशी पूर्ण करून, दुसऱ्या प्लेअरवर अखेरपर्यंत तपासावी, हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवावी आणि मूळ कॅसेट टाकून न देता कोरड्या जागी उभी ठेवावी.