झाडावरचं ब्लॅडरवर्ट घरी आणण्याआधीची तयारी

ब्लॅडरवर्ट म्हणजे युट्रिक्युलारिया, सूक्ष्म जीव पकडून खाणारी वनस्पती. तिची झाडांच्या फांद्यांवर वाढणारी जात घरी आणायची, तर सगळ्यात आधी जाळी आणून ठेवा. रोप नंतर मागवा. ट्रेमध्ये बसेल, कुंडीचं वजन पेलेल आणि दोन-तीन सेंटिमीटर उंच असेल अशी प्लास्टिकची जाळी. नाही मिळाली तर बाटल्यांची झाकणं उलटी ठेवा, गोटे ठेवा, काहीही ठेवा. पण कुंडीचा तळ आणि ट्रेमधलं पाणी यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे. मागच्या वेळी टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा), मॉस म्हणजे कुंडीत भरायचं शेवाळ, लाइट, पंखा असं सगळं जमवलं होतं आणि जाळी तेवढी राहून गेली. वरचा मॉस हिरवागार होता, पानं ताठ होती. कुंडी उचलली तेव्हा तळाचा मॉस काळा पडला होता, आंबूस वास येत होता आणि कंद बोटाने दाबताच फुटत होते. हे वरून अजिबात दिसत नाही. म्हणून यादीत पहिलं नाव जाळीचं.

कुंडी पाण्यात ठेवण्याचा हा घोळ का होतो तेही सांगते. युट्रिक्युलारिया हा वंश मोठा आहे. आपण ज्यांना सीतेची आसवे म्हणतो ती फुलंही याच वंशातली. घरात बहुतेकांचा पहिला अनुभव असतो तो सँडरसोनी, लिव्हिडा अशा जातींचा. त्यांची कुंडी पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून दिली की झालं. ड्रोसेरा, व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी झाडांनाही तेच चालतं. मग हात आपोआप ट्रे भरायला जातो. पण अल्पिना, एन्ड्रेसी, क्वेल्ची, कॅम्पबेलियाना या जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या ढगाळ डोंगरांत, झाडांच्या फांद्यांवरच्या शेवाळात नाहीतर ओल्या कड्यांवर वाढतात. अल्पिना कॅरिबियन बेटांवरही आहे. तिथे धुकं आणि पाऊस भरपूर असतो, पण आलेलं पाणी शेवाळातून निथळून खाली जातं. ते थांबत नाही. ओल कायम आणि हवाही कायम, अशी ती जागा असते.

या वनस्पतींना मुळं नसतात. मॉसमध्ये जे पांढुरके धागे दिसतात ती धावती खोडं. त्यांच्यावरच सापळे लागतात, बहुतेकदा मिलिमीटरच्या आसपासचे, भिंगातून बघावेत असे. प्रत्येक सापळा म्हणजे एक पारदर्शक पिशवी. ती आतलं पाणी सतत बाहेर टाकत राहते, भिंती आत ओढल्या जातात, आत दाब कमी होतो. दारापाशी केस असतात. एखाद्या सूक्ष्म जिवाचा त्यांना धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट शिकार आत ओढली जाते. एक मिलिसेकंदही लागत नाही. या कामाला सापळ्याभोवती पाण्याचा पातळ थर लागतो, म्हणून मॉस वाळू द्यायचा नाही. आणि धावत्या खोडांना हवा लागते, म्हणून मॉस बुडू द्यायचा नाही. दोन्ही एकदम साधायचं, तर जाळी हवीच.

अपवाद आहेत आणि तेच गोंधळात टाकतात. हम्बोल्टी आणि नेलंबिफोलिया या जाती ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातल्या झाडांच्या) पानांच्या बेचक्यांत साठलेल्या पाण्यात राहतात आणि तिथून धावतं खोड शेजारच्या ब्रोमेलियाडच्या पाण्यात सोडतात. त्यांना जास्त पाणी चालतं. त्यांच्याबद्दल वाचलेलं अल्पिनाला लावू नका.

जात कोणती? पहिली असेल तर अल्पिना, किंवा अल्पिना आणि एन्ड्रेसीचा संकर. बस. क्वेल्ची आणि कॅम्पबेलियानाची लालसर फुलं बघून मोह होतो, पण त्यांना रात्री दहा ते पंधरा अंशांचा गारवा रोज लागतो. तो तुमच्याकडे नसेल तर त्या मागवू नका, महिनोन्‌महिने हळूहळू खंगताना बघत बसाल. एन्ड्रेसी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: ती कोरड्या हंगामात पानं टाकून देते आणि मॉसमध्ये फक्त कंद उरतात. त्या काळात पाणी कमी करायचं, बंद नाही. झाड मेलं समजून कुंडी रिकामी करू नका. रोपवाटिकेत वाढवलेलं रोपच घ्या, रानातून उपटलेलं घेऊ नका.

पाणी. पावसाचं, आरओचं किंवा डिस्टिल्ड. मीटरवर क्षारांचा आकडा ५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५०) आत, त्याहून कमी असेल तर उत्तम. इथे लोक वाद घालतात म्हणून सांगते: नळाचं पाणी नुसतं उकळून चालणार नाही. यूव्ही फिल्टर जंतू मारतो, क्षार तसेच ठेवतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो, ते तर नकोच. घरच्या आरओत पुष्कळदा चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात, तेव्हा मशीनवर ‘आरओ’ लिहिलंय यावर न जाता मीटर बुडवून बघा. दोन आठवड्यांचं पाणी आधी साठवून झाकून ठेवा.

मॉस म्हणजे लांब धाग्याचा स्फॅग्नम, दुसरं काही नाही. ऑर्किडवाल्यांकडे न्यूझीलंडचा किंवा चिलीचा वाळवलेला मिळतो. शोभेचा हिरवा चादरीसारखा मॉस हा तो नव्हे. कोकोपीट नको, त्यात क्षार असतात. तयार पॉटिंग मिक्स तर अजिबात नको, त्यात खत असतं आणि खताने हे झाड मरतं. मॉस आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवा, पिळा, पुन्हा भिजवा आणि पिळलेल्या पाण्यात मीटर बुडवा. आकडा वर गेला असेल तर आणखी एकदा धुवा. हे कंटाळवाणं आहे, तरी करा. पर्लाइट, म्हणजे कुंडीत मिसळायचे पांढरे हलके दाणे, तेही धुवून घ्या. त्याची पूड खाली बसून चिखल होतो आणि तो चिखल पाणी धरून ठेवतो. निम्मा मॉस, उरलेल्या निम्म्यात ऑर्किडची बारीक साल आणि पर्लाइट, एवढं प्रमाण ठीक. ग्रॅममध्ये मोजायची गरज नाही. मूठभर मिश्रण घट्ट पिळून सोडा. ते परत फुललं पाहिजे. लगदा होऊन बसलं तर साल वाढवा.

कुंडी नेट पॉटच घ्या, चहूबाजूंनी भोकांची, दहा-बारा सेंटिमीटरची. धावती खोडं भोकांतून बाहेर डोकावतात, कधी कुंडीच्या कुशीतून पान फुटतं, कधी फुलाचा दांडा. बाहेर आलं म्हणून कापू नका. आणि ही भोकांची कुंडी सुंदर दिसावी म्हणून बाहेरच्या चिनी मातीच्या कुंडीत घालू नका. तिच्या तळाशी पाणी साचतं, दिसत नाही, आणि आपण पुन्हा होतो तिथेच. भोकं असली तरी खाली जाळी लागतेच. नेट पॉट थेट ट्रेमध्ये टेकवला तर तळाची भोकं पाण्यात बुडून बंद होतात.

उजेड भरपूर, पण थेट दुपारचं ऊन नाही. पूर्वेची खिडकी उत्तम. लाइट लावणार असाल तर बारा तास, टायमर लावून. पानं लांबट, लुळी आणि गडद हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय. पिवळट, तांबूस झाली तर जास्त होतोय.

तापमानाबद्दल लोक दिवसाचाच आकडा विचारतात. रात्रीचा विचारा. अल्पिनाला दिवसा वीस ते सव्वीस आणि रात्री बारा ते अठरा अंश मानवतं. हा उतार महत्त्वाचा आहे. चोवीस तास एकसारखं ऊबदार ठेवलेलं रोप वाढतं, पण फुलायला कुचराई करतं. तिशीच्या वर दिवसामागून दिवस पारा राहत असेल तर घरातली सगळ्यात गार खोली तिला द्या. दमटपणा साठ टक्क्यांच्या वर हवा, त्यासाठी छोटा हायग्रोमीटर घ्या. काचेची बंद पेटी उन्हात ठेवू नका, आत रोप शिजतं. पेटी वापरायचीच असेल तर आत लहान पंखा हवा, आणि पेटीच्या तळालाही जाळी हवी. पेटीत वाफ धरून तळाशी पाणी साचतंच. ते रोज दिसेल अशी पेटी निवडा.

रोप येईल त्या दिवशी एवढंच करायचं. गठ्ठा जसा आला तसाच ठेवायचा. मॉस धुवून धावती खोडं मोकळी करायची नाहीत. ती केसाइतकी नाजूक असतात आणि तुटली की सापळेही गेले. गठ्ठ्याभोवती नवा मॉस सैल भरायचा. हिरवट, अर्धपारदर्शक कंद दिसतील, ते वरच्या थरातच राहू द्या, खोल पुरू नका. हे कंद पाण्याचे साठे आहेत. डार्विनने १८७५ मध्येच, अल्पिनाला तेव्हा मोंटाना म्हणत असत त्या काळी, तसं नोंदवलं होतं. दोन दिवस मॉस थोडा कोरडा पडला तरी झाड त्यांच्यावर तगून राहतं. म्हणून ‘सुकेल की काय’ या भीतीने ट्रे भरून ठेवायचं काहीएक कारण नाही. वरून पाणी घाला, निथळू द्या, ट्रे ओता. कुंडी जाळीवर ठेवा. मग बोट लावून बघा: मॉस पिळलेल्या फडक्याइतका ओला लागला पाहिजे, त्यातून पाणी टपकता कामा नये.

पहिल्या महिन्यात एक-दोन पानं पिवळी पडून गळतील. घाबरून जागा बदलू नका, खत घालू नका, उपटून बघू नका. आठवड्यातून एकदा कुंडी उचलून तळाचा वास घ्या. हे मात्र चुकवू नका. ओल्या रानाचा वास आला तर ठीक. आंबूस आला तर त्याच दिवशी काळा मॉस काढून टाका, चांगल्या भागाला नवा मॉस द्या आणि खाली पाणी कुठे थांबतंय ते शोधा.

खाऊ घालायचं नाही. सापळ्यांना लागणारे जीव ओल्या मॉसमध्ये आपोआप येतात. पहिलं वर्षभर खत नाही, फवारूनही नाही. फुलाच्या दांड्यावर मावा येतो, तो ओल्या ब्रशने काढा. गोगलगायी कळ्या खातात, रात्री टॉर्च घेऊन बघा.

अल्पिनाच्या एका दांड्यावर एक ते चार पांढरी, मध्ये पिवळा ठिपका असलेली फुलं येतात. दांडा दिसला की कुंडी फिरवू नका.

मॉस कुजू लागला, साधारण दोन वर्षांनी, की कुंडी बदला. विभागणी तेव्हाच करा, फुलं असताना किंवा उन्हाळ्याच्या काहिलीत नाही. प्रत्येक तुकड्यात चार-पाच पानं आणि काही घट्ट कंद असू द्या. त्याहून लहान तुकडे पाडू नका.