घरच्या घरी लोखंडी दुमजली पलंग: आधी पंखा मोजा, मग पाइप कापा

दहा बाय दहाच्या खोलीत दोन मुलांच्या झोपण्याची सोय करायची म्हटले की दुमजली पलंग आठवतो, आणि ज्याच्या हाताला वेल्डिंगची सवय आहे त्याला तो स्वतःच करावासा वाटतो. मात्र पाइप आणण्यापूर्वी छताकडे पाहावे. अशा खोलीच्या मधोमध टांगलेल्या ४८ इंची पंख्याची पाती भिंतीपासून ३ फुटांपर्यंत येतात, आणि भिंतीला लावलेला पलंगही साधारण तेवढाच रुंद असतो. म्हणजे वरच्या मुलाने हात उंच करून जरा बाहेर काढला तरी तो पात्यांपर्यंत पोहोचतो. पलंग भिंतीलगत पुढेमागे सरकवूनही हा हिशेब फारसा बदलत नाही. छताचा पंखा उतरवून पलंगापासून दूर, भिंतीवर पंखा बसवण्याचा खर्च पलंगाच्याच खर्चात धरावा.

उंचीचा हिशेब खालून वर करावा. खालची चौकट जमिनीपासून १२ इंचांवर आणि गादी ४ इंचांची धरली, तर मोठ्या माणसालाही खाली ताठ बसता यावे यासाठी गादीच्या वर ३६ इंच मोकळे लागतात. त्यावर वरची चौकट आणि तिची गादी येते, आणि गादीच्या वर किमान ५ इंच तरी कठडा हवा. दोन्ही चौकटींची आणि गाद्यांखालच्या प्लायची जाडी धरून हे सगळे मिळून खांब ६६ इंचांचा होतो. ६ मीटरच्या एका पाइपमधून असे तीनच खांब निघतात, त्यामुळे खांब ५८ इंचांचे करून एकाच पाइपमध्ये चार बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ती आठ इंचांची बचत पुढे रोज कोणाच्या तरी डोक्याला लागते. उरलेल्या पाइपचे आडवे तुकडे होतातच.

खांबांसाठी दीड इंची चौरस पाइप २ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण १४ गेजचा घ्यावा. चौकटीला ५० बाय २५ मिलिमीटरचा आयताकृती पाइप उभा लावावा. आडवा लावल्यास तो लवकर वाकतो. कठडा आणि गादीखालचे आडवे पाइप यांना एक इंची चौरस पाइप पुरतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर घातक असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पूर्ण पलंग एकसंध जोडू नये. माझा पहिला सांगाडा मी गच्चीवर मोठ्या हौसेने अखंड जोडला आणि तो जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकला. पलंगाचे चार सपाट भाग करावेत: डोक्याकडची आणि पायाकडची अशा दोन उभ्या चौकटी, आणि गाद्यांच्या दोन आडव्या चौकटी. आडव्या चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्याला ५ मिलिमीटर जाडीची, ४ इंच उंचीची पट्टी वेल्ड करून ती खांबाला १० मिलिमीटरच्या दोन बोल्टांनी, एकाखाली एक, आवळावी. एकच बोल्ट लावला तर तो कोपरा बिजागरीसारखा फिरतो आणि पलंग झुलतो. पोकळ पाइप बोल्ट आवळताना दबतो, म्हणून खांबाच्या आरपार भोकात नळीचा तुकडा घालून तो कडेने वेल्ड करावा.

वेल्डिंग सपाट फरशीवर, मोकळ्या हवेत करावे. २ मिलिमीटरच्या पाइपला अडीच मिलिमीटरची काडी आणि ६० ते ७० अँपिअर करंट चालतो, तरी आधी टाकाऊ तुकड्यांवर हात बसवावा. चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारून दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत एका सुताहून (साधारण ३ मिलिमीटर) अधिक फरक असेल तर चौकट ठोकून सरळ करावी, आणि मगच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने भरावेत, म्हणजे उष्णतेने चौकट पिळवटत नाही. मशीन १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या प्लगवरच लावावे. वेल्डिंगच्या काळ्या काचेचा मुखवटा, सुती कपडे आणि बंद बूट हवेतच. बघायला जमलेल्या मुलांना आत पाठवावे, नाहीतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी त्यांची रात्र जाते.

कठडा भिंतीच्या बाजूलाही हवा, कारण झोपेत मूल भिंत आणि पलंग यांमधल्या फटीत सरकू शकते. आडव्या पाइपांमधली फट ३ इंचांहून अधिक ठेवू नये. शिडीच्या पायऱ्यांना गोल पाइप न लावता ५० बाय २५ चा पाइप आडवा लावावा; अनवाणी पायांना तो टोचत नाही.

वेल्ड घासून, थिनरने पुसून रेड ऑक्साइड आणि त्यावर इनॅमलचे दोन हात द्यावेत. पाइपांची उघडी तोंडे प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करावीत; कोकणातल्या दमट हवेत गंज आतूनच सुरू होतो. १२ मिलिमीटरच्या प्लायला हवेसाठी भोके पाडावीत. रंगाचा वास पूर्ण गेल्यावर पलंग खोलीत जोडून वरची चौकट दोन अँकर बोल्टांनी भिंतीला पकडावी. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, आणि महिन्याभराच्या वापरानंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.