विंडोज, लिनक्स की आणखी काही? घरच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुना लॅपटॉप घेऊन दुकानात गेलात, मग दुकान कॉलेज रोडचे असो की नाशिकरोडचे, बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते: ‘विंडोज ११ मारून देतो’ किंवा ‘आता नवाच घ्या’. दोन्ही उत्तरे काही वेळा बरोबर असतात. पण घरात त्या मशीनवर काय चालते हे विचारल्याशिवाय दिलेले उत्तर म्हणजे अंदाजच. कोणती सिस्टिम ‘चांगली’ या वादात पडू नका. तुमचे कोणते काम कशावर अडते, तेवढे शोधा. निम्मी निवड तिथेच होते.

पायरी १: अडणारे काम शोधा

कागद घ्या आणि घरातला प्रत्येक जण कॉम्प्युटरवर काय करतो ते लिहा. मग प्रत्येक कामापुढे लिहा: हे ब्राउझरमध्ये होते की त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते?

ब्राउझरमधली कामे कुठेही चालतात. बँक, महाडीबीटीचा अर्ज, सातबारा, रेल्वेचे तिकीट, मुक्त विद्यापीठाचा प्रवेश, निर्यातदार बागायतदाराचे ग्रेपनेट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब यांना क्रोम किंवा फायरफॉक्स पुरतो. यादीत एवढेच असेल तर तुम्ही मोकळे आहात, पुढचे तीन परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल.

खरी अडचण मोजक्या गोष्टींची असते. टॅली विंडोजवरच चालते. वाइनसारखी (विंडोजचे सॉफ्टवेअर दुसरीकडे चालवणारी) युक्ती करून लिनक्स या मोफत सिस्टिमवर उघडता येईलही, पण मार्चअखेरीस त्या भरवशावर राहू नये. अंबड-सातपूरच्या कारखान्यात काम करणारे कोणी घरी ड्रॉइंग आणत असेल, तर ऑटोकॅडची पूर्ण आवृत्ती विंडोज आणि मॅकवर मिळते. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन विंडोजवर सर्वात कमी कटकटीत चालते. लिनक्सवर काही टोकनांचे ड्रायव्हर आहेत, पण प्रत्येक पोर्टलची सहीची उपयोजना वेगळी असल्याने शेवटच्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याने तो धोका पत्करू नये. आयकराचे विवरणपत्र ऑनलाइन भरणार असाल तर मात्र काहीच अडत नाही.

मुलगा किंवा मुलगी एमएस-सीआयटी करत असेल तर सराव विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर करावा लागतो, तेव्हा ते वर्षभर तरी विंडोज ठेवा. खेळांचे म्हणाल तर स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातले बरेच खेळ लिनक्सवर चालतात, पण फसवणूक रोखणारी प्रणाली लावलेले व्हॅलोरंटसारखे ऑनलाइन खेळ चालत नाहीत. घरात पंधरा-सोळा वर्षांचे कोणी असेल तर हा मुद्दा आधी काढा, नंतर भांडण नको.

मराठी मजकुराची एक जुनी गाठ असते. सोसायटीची इतिवृत्ते, देवस्थानची पत्रके, लग्नपत्रिका अशा अनेक फायली श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की नुसती चिन्हे दिसतात. अशा फायली रोज लागत असतील तर विंडोज सोडू नका. क्वचितच लागत असतील तर आत्ताच पीडीएफ करून ठेवा.

पायरी २: मशीन काय झेपवते ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. तिथे चार गोष्टी दिसतात: प्रोसेसरचे नाव, रॅम किती, डिस्क एसएसडी (चिपवरची, वेगवान) आहे की एचडीडी (फिरती हार्डडिस्क), आणि काम चालू असताना रॅम किती भरते.

इंटेलच्या नावात आय३, आय५ नंतरचा आकडा पिढी सांगतो. आय५-७२००यू सातव्या पिढीचा, आय५-८२५०यू आठव्या पिढीचा. विंडोज ११ साठी साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी चिप), सिक्युअर बूटला (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) पाठिंबा देणारे यूईएफआय (बायोसची नवी पिढी), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. सातव्या पिढीतले एखाद-दुसरे मॉडेल अपवाद आहे, आणि एएमडीमध्ये नावावरून पिढी ओळखणे फसवे ठरते. म्हणून मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ उतरवून तपासा, ते नेमके कारणही सांगते. टीपीएम नाही असे सांगितले तरी लगेच हताश होऊ नका. अनेक डेस्कटॉप बोर्डांवर तो असतो, फक्त बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने तो सापडतो.

४ जीबी रॅमवर विंडोज ११ बसते, पण क्रोमच्या पाच-सहा टॅब उघडल्या की मशीन दम खाते. ८ जीबी हा व्यवहारातला किमान आकडा धरा.

आता डिस्क. घरचा कॉम्प्युटर ‘फार स्लो झालाय’ या तक्रारीमागे बहुतेकदा फिरती हार्डडिस्क असते, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये काहीही न करता डिस्क १०० टक्के दिसत असेल तर हेच कारण. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी बसवली की तेच मशीन मिनिटभरात सुरू होऊन कामाला लागते. हा खर्च कुठलीही सिस्टिम निवडली तरी वाया जात नाही, म्हणून तो आधी करा आणि मग पुढचा निर्णय घ्या. जुनी हार्डडिस्क दुकानात सोडू नका. तुमचे सगळे फोटो तिच्यात आहेत.

पायरी ३: पर्यायांची छाननी

मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत असेल आणि यादीत विंडोजचे एकही अडणारे काम असेल, तर विषय संपला. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून अपग्रेड घ्या. अस्सल विंडोज १० वरून हे मोफत आहे. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे त्याच मशीनवर पुन्हा कोरे विंडोज टाकले तरी इंटरनेट लागताच ते आपोआप ॲक्टिव्हेट होते. दुकानदार वेगळी ‘की’ विकू लागला तर हे लक्षात ठेवा. काहीशे रुपयांतली ‘लाइफटाइम की’ बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या सामूहिक परवान्यातली असते आणि कधीही बंद पडू शकते. ॲक्टिव्हेटर चालवून केलेले विंडोज त्याहून वाईट: ते चालवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता.

मशीन अटींत बसत नसेल तरी रूफस (पेनड्राइव्हवरून सिस्टिम बसवायची तयारी करणारे मोफत सॉफ्टवेअर) वापरून विंडोज ११ बसवता येते. बरेच दुकानदार तेच करतात. त्यांनी न सांगितलेली गोष्ट अशी की अशा मशीनला अपडेट देण्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने टाकावी लागते. कोअर २ ड्युओ काळातल्या मशीनवर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती तर सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये ती मागते त्या सूचनाच नाहीत. तात्पुरता मार्ग हवा असेल तर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवा. आवृत्ती २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट खाते असले की विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी होते, आणि घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

यादीत अडणारे काम नसेल आणि मशीन जुने असेल, तर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) हा आमचा पहिला कौल. रूप विंडोजसारखे, मेनू डाव्या कोपऱ्यात, अपडेट कधी घ्यायचे ते तुमच्या हातात. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. लिब्रेऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखे मोफत सॉफ्टवेअर) सोबतच येते. वर्डच्या फायली उघडतात, पण मंगल फाँट नसल्यामुळे मराठी मजकुराच्या ओळी आणि पाने सरकतात. दुसऱ्याला पाठवायचे ते पीडीएफ करून पाठवा.

क्रोमओएस फ्लेक्स ही गुगलची सिस्टिम फक्त ब्राउझर वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी छान आहे: ४ जीबी रॅम पुरते आणि बिघडवता येण्यासारखे त्यात फार काही नाही. मात्र प्ले स्टोअर नाही, आणि विंडोजशेजारी ते बसत नाही, सगळी डिस्क पुसून घेते.

मॅक म्हणजे सिस्टिमबरोबर मशीनही नवे. एम मालिकेच्या चिपचा मॅकबुक एअर टिकाऊ आहे आणि दिवसभर बॅटरी देतो, पण रॅम नंतर वाढवता येत नाही आणि बूटकॅम्पने (मॅकवर विंडोज टाकण्याच्या ॲपलच्या जुन्या सोयीने) विंडोज टाकता येत नाही. स्वस्तातला जुना इंटेल मॅक घेण्याचा मोह टाळा. २०२५ ची टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती आहे.

पायरी ४: पुसण्याआधी चालवून बघा

लिनक्सची सर्वात सोयीची बाब ही की ते पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवता येते. मिंटची आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टिम एकाच फाइलमध्ये) साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि रूफस किंवा तसल्याच एचर या सॉफ्टवेअरने फाइल त्यावर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर पेनड्राइव्हवरून मशीन सुरू (बूट) होत नाही. ही चूक सर्रास होते. लिहिताना पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, हेही ध्यानात ठेवा.

मशीन बंद करून चालू करताना बूटची कळ पुन्हापुन्हा दाबा: डेल आणि लेनोव्हो एफ१२, एचपी एस्केप आणि मग एफ९, आसूस लॅपटॉप एस्केप. एसरवर एफ१२ आधी बायोसमध्ये चालू करावी लागते.

डेस्कटॉप दिसला की घाईने ‘इन्स्टॉल’ दाबू नका. एक पूर्ण संध्याकाळ द्या. वायफाय लागते का? आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा? झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागे होते का? पेनड्राइव्हवरून सगळे जरा संथ चालते, वेगावरून मत बनवू नका. काही रिअलटेक आणि ब्रॉडकॉम वायफाय कार्डे पहिल्या झटक्यात चालत नाहीत. अशा वेळी फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर शोधा.

प्रिंटर याच वेळी लावून बघा. एप्सनचे टाकीवाले एल मालिकेचे प्रिंटर आणि एचपीचे बरेचसे प्रिंटर सहज ओळखले जातात. एचपी लेझरजेट १०२० ला एक जादा प्लगइन लागतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर छळतो, कारण तो कॅननच्या खास कॅप्ट भाषेतच बोलतो. घरोघरी तोच प्रिंटर दिसतो, म्हणून मुद्दाम नाव घेतले.

मराठी टायपिंगही तपासा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या, मग विंडोज कळ आणि स्पेसबारने भाषा बदलते. मिंटमध्ये कीबोर्डच्या ‘लेआउट्स’मध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आणि कागप फोनेटिक हे दोन्ही आहेत. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर बसवा, त्यात मराठी आयट्रान्स मिळते.

पायरी ५: बसवताना

आधी बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर फोटो, कागदपत्रे, टॅलीचा डेटा, ब्राउझरचे पासवर्ड घ्या, आणि दोन-चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

नंतर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप. नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि घरात एकच धावपळ उडते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच शोधून कागदावर उतरवा.

दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवायच्या असतील तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून ६० ते १०० जीबी जागा मोकळी करा. हे काम लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोडण्यापेक्षा विंडोजमध्येच केलेले बरे. पॉवर ऑप्शन्समधला ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपते आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत) चालू असते. ते बदलण्याआधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करा, कारण थेट बदलले तर विंडोज निळा पडदा दाखवते. घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे दिसले तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज भारतीय, म्हणून हा फरक पडतो.

लाइटचाही विचार करा. उन्हाळ्यात किंवा वळवाच्या पावसात दुपारी वीज जायची शक्यता असते, तेव्हा डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरला जोडूनच काम सुरू करा. पार्टिशन (डिस्कचे भाग) लिहिले जात असताना वीज गेली तर डिस्कवरची आधीची सिस्टिमही जाऊ शकते.

मिंट बसल्यावर पहिल्या दिवशी टाइमशिफ्ट चालू करून एक स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या वेळची प्रत) घ्या. एखादे अपडेट बिघडले तर त्यावरून सिस्टिम मागे नेता येते. फोटो आणि कागदपत्रे मात्र टाइमशिफ्ट सांभाळत नाही, त्यासाठी बाहेरची डिस्क वेगळी ठेवावीच लागते. काढलेली जुनी हार्डडिस्क निदान महिनाभर तशीच राहू द्या. एखादे सॉफ्टवेअर किंवा फाइल राहून गेल्याचे याच काळात लक्षात येते, आणि ती डिस्क साटा-यूएसबी केबलने नव्या सिस्टिमला जोडून उघडता येते.