अँटिलोप कॅनियन आणि लेक पॉवेल: मित्रमंडळींसोबत जाताना या चुका टाळा

ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला पेज नावाचं लहानसं गाव आहे. जवळच वाळूच्या खडकात पाण्याने कोरलेली अरुंद घळ आहे, तीच अँटिलोप कॅनियन. गावाला लागून ग्लेन कॅनियन धरणामागे लेक पॉवेल पसरलाय. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या लाँग वीकेंडच्या बेतात ही जोडी बरेचदा असते, भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हमखास. तिथे गेल्यावर जे बिनसतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा घरी बसून केलेल्या बुकिंगमध्ये असतं.

नावावर जाऊन टूर घेणं

‘अँटिलोप कॅनियन’ या नावाने तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. अप्पर कॅनियन खाली रुंद आणि वर चिंचोळी आहे. आत सपाट वाळूतून चालायचं, म्हणून लोअरपेक्षा ज्येष्ठांना सोपी. छतातून उतरणारे उन्हाचे ते प्रसिद्ध झोत इथलेच, पण ते साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि भर दुपारच्या आसपासच दिसतात. डिसेंबरमध्ये जाऊन झोत शोधू नका. तेव्हा रंग सुंदर असतात, झोत नसतात. लोअर कॅनियन याच्या उलट, वर रुंद आणि तळाशी पाऊल जेमतेम ठेवता येईल इतकी अरुंद. तिथे उभ्या लोखंडी जिन्यांनी उतरावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिथे नेऊ नका, कारण अर्ध्यातून मागे फिरणं अवघड जातं.

तिसरी म्हणजे लेक पॉवेलवरची बोट. ती याच कॅनियनच्या तळ्यात बुडालेल्या भागात जाते. उंच कडे, हिरवं पाणी, प्रवास छानच; पण फोटोत पाहिलेली लाटांसारखी नारिंगी भिंत त्या बोटीतून दिसत नाही. ग्रुपमधल्या एकाने घाईत ही टूर घेतली की सगळ्यांचा हिरमोड होतो. पैसे भरण्याआधी टूरचं वर्णन सगळ्यांनी वाचा.

आणखी एक गैरसमज राष्ट्रीय उद्यानांच्या वार्षिक पासबद्दल आहे. तो लेक पॉवेलच्या फाटकावर चालतो, कॅनियनमध्ये नाही. कॅनियन ही नवाहो या मूळ अमेरिकन जमातीची जमीन आहे, १९९७ पासून त्यांचं ट्रायबल पार्क. परवानाधारक गाइडशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. जवळच्या हॉर्सशू बेंडचं, म्हणजे नदीच्या नालेसारख्या वळणाचं, पार्किंग पेज गावाचं, तिथेही हा पास चालत नाही. मोठा ग्रुप असेल तर काही आठवडे आधी बुकिंग करा. आयत्या वेळी दहा जणांना एकच वेळ मिळणं कठीण.

घड्याळाचा घोळ

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो प्रदेश करतो, उत्तरेला लागून असलेलं युटाही करतं. त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर पेजमध्ये फोन कधी कधी एक तास पुढची वेळ दाखवतो. टूरची वेळ मात्र साधारणपणे ॲरिझोनाच्या घड्याळाने असते. यात फार तर तुम्ही तासभर लवकर पोचाल. खरा फटका हिवाळ्यात, लास वेगासहून येणाऱ्यांना बसतो. उन्हाळ्यात वेगास आणि पेजची वेळ एकच असते, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत पेज एक तास पुढे असतं. साडेचार तासांचं ड्रायव्हिंग हिशेबात धरून पहाटे निघालेला ग्रुप इथे पोचतो तेव्हा टूर निघून गेलेली असते. शक्य असेल तर आदल्या रात्री पेजमध्येच राहा. त्याच दिवशी वेगासहून येऊन परत जाण्याचा बेत तर करूच नका, परतीला थकलेला माणूस स्टिअरिंगवर असतो.

निळं आकाश पाहून निर्धास्त होणं

सांधण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही, हे सह्याद्रीत भटकणाऱ्यांना सांगावं लागत नाही. तिथे पाऊस निदान डोक्यावर दिसतो. इथे तो दिसतही नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर कॅनियनमध्ये ११ पर्यटक पुरात वाहून गेले. कॅनियनवर फारसा पाऊस नव्हता. वादळ बरसलं ते कित्येक किलोमीटर वरच्या पाणलोटात. वाळवंटातली कोरडी, टणक जमीन पाणी शोषत नाही. ते सगळं ओहोळातून धावत या चिंचोळ्या फटीत घुसतं, आणि आतल्या माणसाला वर चढायला जागा नसते. तेव्हाच्या लाकडी शिड्याही पाण्याने उखडून नेल्या. आजचे जिने खडकात बोल्टने पक्के बसवलेत, वरून सोडता येतील अशी जाळीही ठेवली आहेत.

जुलै ते सप्टेंबर हा तिथला वादळी पावसाचा मोसम. गाइडने टूर रद्द केली तर वाद घालू नका. “आकाश तर स्वच्छ आहे, एवढ्या लांबून आलोय,” हे वाक्य तिथे काही कामाचं नाही. या मोसमात जायचंच असेल तर सकाळची वेळ घ्या, कारण वादळं बहुधा दुपारनंतर जमतात, आणि एक दिवस मोकळा ठेवा.

आत बॅग, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक नेऊ देत नाहीत. हे बुकिंगच्या नियमांत लिहिलेलं असतं, तरी दारात धावपळ होते. फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा, त्याने दगडाचा रंगच मरतो. वरून सतत बारीक वाळू गळते, तेव्हा आत लेन्स बदलू नका. नवाहो हद्दीत दारू बाळगायला बंदी आहे; तळ्यासाठी घेतलेल्या बिअरचा कूलर गाडीत असेल तर आधी हॉटेलवर उतरवा.

तळ्यावर सैल पडणं

कॅनियन पाहून झाली की सगळे सुटीच्या मूडमध्ये येतात, आणि काळजी घ्यायची वेळ नेमकी तीच असते. जुन्या माहितीवर विसंबू नका: २०२३ च्या सुरुवातीला तळ्याची पातळी ते भरल्यापासूनच्या नीचांकावर गेली होती, आणि पातळी उतरली की बोटी उतरवायचे काही रॅम्प बंद होतात. तळ्याकाठच्या लोन रॉक बीचवर गाडी थेट पाण्यापर्यंत नेता येते, म्हणून लोक भाड्याची साधी सेडान वाळूत घालतात. ती रुतते, ओढून काढायला भरपूर पैसे पडतात, आणि कच्च्या रस्त्यावर गाडी नेणं बहुतेक भाडेकरारांत बसत नाही.

कयाक घेणार असाल तर सकाळी लवकर निघा. दुपारी वारा उठला की परतताना वल्ही मारून खांदे भरून येतात. तेरा वर्षांखालच्या मुलांना बोटीवर लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. ज्यांना पोहता येतं असं वाटतं त्या मोठ्यांनीही ते घालावं, कारण अनेक ठिकाणी काठ एकदम खोल जातो.

हाउसबोट घेतलीत तर जनरेटर किंवा इंजिन चालू असताना बोटीच्या मागे कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. मागच्या फळीखाली कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि याच तळ्यात त्याने पोहणाऱ्यांचे जीव घेतले आहेत. कुणी डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं तर ऊन लागलं समजून आत झोपवू नका. आधी इंजिन आणि जनरेटर बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि लगेच मदत मागवा.