दुबईत शेअरिंग ऑफिस घेताय? आधी माल कुणाला विकणार ते ठरवा
गेल्या वर्षभरात आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगर आणि शिरोलीतल्या तिघाचौघांनी मला एकच विचारलं, दुबईत कंपनी काढायचीय, स्वस्तात शेअरिंग ऑफिस कुठं मिळंल? आपल्याकडं राजारामपुरीत गाळा घेतला, बोर्ड लावला की धंदा सुरू, कागदं मागनं होत राहतात. तिकडं तसं नाही. तिथं पत्ता लायसन्सला चिकटलेला असतो, आणि व्हिसा किती मिळणार, माल कुणाला विकता येणार, बँक खातं उघडून देणार का, हे सगळं त्यावरच अडतं. म्हणून भाडं बघायच्या आधी गिऱ्हाईक बघा.

तुम्ही सॉफ्टवेअर किंवा डिझाइनचं काम करताय आणि गिऱ्हाईक युरोपात नाहीतर इथंच भारतात आहे, तर फ्री झोनमधला, म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेल्या भागातला, फ्लेक्सी डेस्क बास होतो. फ्लेक्सी डेस्क म्हणजे तुमचं स्वतःचं टेबल नव्हे हं, आठवड्यातनं ठरलेले तास बसायला जागा, मीटिंग रूम आणि लायसन्सवर टाकायला पत्ता. पण तुम्हाला कोल्हापुरी चप्पल, गूळ नाहीतर मसाला दुबईतल्याच बर दुबई, करामा भागातल्या दुकानांना द्यायचा असेल तर नुसत्या फ्री झोन लायसन्सवर थेट विकता येत नाही, वेगळी परवानगी नाहीतर तिथला डिस्ट्रिब्युटर लागतो. त्यापेक्षा मेनलँड, म्हणजे फ्री झोनच्या बाहेरच्या दुबईच्या, लायसन्सचा विचार करा. पूर्वी तिथं ५१ टक्के लोकल पार्टनर लागायचा, आणि आपल्याकडं अजून लोक तेच सांगत बसतात, पण जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत १०० टक्के मालकी आपली ठेवता येते. मेनलँडला जागेचा करार इजारीत, म्हणजे तिथल्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदवलेला लागतो, त्यामुळं शेअरिंग ऑफिस देणाऱ्या कोवर्किंगवाल्याला पहिलाच प्रश्न, "इजारी देताय का?" नुसता डे पास घेऊन लायसन्सचं काम होत नाही.

पैसे भरायच्या आधी दुसऱ्या वर्षाचा रेट लेखी घ्या. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण माझ्या ओळखीच्या एकाला एजंटानं पहिल्या वर्षाचा डिस्काउंटचा आकडा दाखवला, रिन्यूअलला आकडा भलताच निघाला आणि तोवर व्हिसा त्याच लायसन्सवर लागलेला, सोडून जाता पण येईना. त्या डेस्कवर किती व्हिसा बसतात, लायसन्सवर कुठली कामं लिहिणार, कंपनी बंद करायचा खर्च किती, हे पण लेखीच.

जमलं तर आधी व्हिजिट व्हिसावर आठ-दहा दिवस जाऊन या. त्या व्हिसावर काम करता येत नाही, पण जागा बघणं, दुकानदारांना भेटणं होतं. २०२२ पासून तिथं सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि सरकारी ऑफिसं शुक्रवारी अर्धा दिवसच, तेव्हा भेटीगाठी सोमवार ते गुरुवार उरका. जागा मेट्रो स्टेशनपासनं चालत किती लांब आहे ते स्वतः चालून बघा, जुलैच्या उन्हात तेच अंतर लई होतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो बँक खात्यात. नुसतं लायसन्स बघून बँका खातं देत नाहीत. इथल्या धंद्याचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न, जुनी बिलं, होणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं अशी फाइल कोल्हापुरातनंच बांधून न्या.

आता आपल्या बाजूचं, जे लोक हमखास विसरतात. स्वतःच्या नावानं परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. पैसे जायच्या आधी बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर, घ्यायचा. एजंट म्हणंल गिफ्ट म्हणून पाठवा, घरखर्च म्हणून पाठवा, अजिबात ऐकू नका, ते फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमात बसत नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ इन्कम टॅक्स) घेते, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तेवढे दिवस पैसे अडकतात, तो हिशोब आधीच धरा.

तिथला कॉर्पोरेट टॅक्स ९ टक्के, तो पण ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर. नफा असो नसो, त्या टॅक्ससाठी कंपनीची नोंदणी मात्र करावीच लागते, उशीर झाला की दंड.

आणि चप्पल-गुळाचंच काम असेल तर माझं मत, कंपनीची घाईच करू नका. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) काढा आणि कोल्हापुरातनंच दोन-तीन कन्साइनमेंट पाठवून बघा. मे २०२२ पासून भारत-यूएई व्यापार करार लागू आहे, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातलाच असल्याचा दाखला) जोडलं की आपल्या बऱ्याच मालावर तिथली ड्युटी लागत नाही. दुकानदार दुसऱ्यांदा ऑर्डर देतोय का बघा, मग डेस्क शोधा.

कंपनी काढलीच तर सीए निवडताना एकच विचारा, परदेशी कंपनीचा एपीआर (रिझर्व्ह बँकेला द्यायचा वार्षिक अहवाल) आधी कुणाचा भरलाय का. तो दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत जावा लागतो.