आम्रखंडाची चव: घरी लिक्विड जमवताना

लेस्टरला आल्यावर चौथ्या वर्षी सिगारेट सुटली, ती व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या आधाराने. पण दुकानातल्या आंब्याच्या लिक्विडला कधी आंब्याची चव लागलीच नाही, नुसती गोळीची गोडी. मला हवं होतं आईच्या हातचं आम्रखंड. म्हणून घरी मिसळायला लागलो. हे लिहितोय ते इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, सिगारेट सोडलेल्या मोठ्या माणसांसाठी. ज्यांनी कधी ओढलीच नाही, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि भारतात जाताना यातलं काही बॅगेत टाकू नका. २०१९च्या कायद्याने तिथे ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे.

स्वयंपाकघरातला इसेन्स यात चालत नाही, हे आधी पक्कं करा. तेलातला तर नाहीच नाही, तेल फुप्फुसात जाता कामा नये. व्हेपसाठीच बनवलेले, पीजीमधले (प्रॉपिलीन ग्लायकॉलमधले) फ्लेवर घ्या. साय, कस्टर्ड, लोणी अशा चवींच्या बाटलीत डायअसेटिल, म्हणजे लोण्याची चव देणारं पण फुप्फुसाला घातक रसायन, नाही ना, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. सांगता येत नसेल तर ती बाटली घेऊ नका.

पीजी चव वाहून नेतं, व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) वाफ दाट करतं. माझं छोटं यंत्र आहे, त्याला दोन्ही निम्मं-निम्मं बरं पडतं. मोजायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. सिरिंजपेक्षा काम सोपं होतं आणि धुवायला काही उरत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की १ मि.ली. व्हीजी १.२६ ग्रॅम भरतं आणि पीजी १.०४.

आता वेलची. पहिल्या खेपेला १० मि.ली.मध्ये आठ थेंब टाकले. आंबा कुठल्या कुठे गेला, तोंडात साबण घोळवल्यासारखं झालं आणि टाकीतला कापूस बदलला तरी दोन दिवस तो वास हटेना. आई आम्रखंडात वेलची घालते ती दोन बोटांच्या चिमटीने, आणि ती कळते घास गिळल्यावर. तेवढीच हवी. थेंब मोजून ते साधत नाही. म्हणून १ मि.ली. वेलची ९ मि.ली. पीजीत आधी पातळ करून ठेवा. मग चूक झाली तरी ती दहापट लहान होते.

३० मि.ली.चं माझं माप असं: आंबा १.२ मि.ली., साय ०.६, पातळ केलेली वेलची ०.७५. निकोटिनची दर मि.ली.ला १८ मि.ग्रॅ.ची बाटली मिळते, त्यातलं ५ मि.ली., म्हणजे शेवटी दर मि.ली.ला ३ मि.ग्रॅ. पडतं. त्यावर पीजी १०.३ ग्रॅम आणि व्हीजी १५.७५ ग्रॅम. हा हिशोब निम्मं पीजी, निम्मं व्हीजी असलेल्या निकोटिनचा आहे, तुमची बाटली वेगळी असेल तर पुन्हा मांडा. निकोटिन हाताळताना हातमोजे घाला, ते कातडीतून आत जातं. सांडलं तर लगेच पुसून हात साबणाने धुवा. बाटली कुलपात ठेवा. घरात लेकरू किंवा मांजर असेल तर यात अजिबात ढिलाई नको.

गोडीसाठी सुक्रालोज घालू नका, कॉइल (लिक्विड तापवणारी तार) काळी पडते. नव्या बाटलीतला प्रत्येक फ्लेवर आधी एकटा, थोड्याशा लिक्विडमध्ये चाखून बघा. तीन अनोळखी चवी एकदम मिसळल्या की बिघडवलं कुणी, ते कळत नाही.

बाटली दोन मिनिटं जोरात हलवायची, तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि रोज एकदा हलवायची. नुसतं फळ दोन-तीन दिवसांत तयार होतं, सायीला निदान दोन आठवडे लागतात. घाईने गरम पाण्यात ठेवू नका.

माझी आत्ताची बाटली पंधराव्या दिवशी उघडली. आधी आंबा, मग साय, आणि वाफ सोडल्यावर घशाशी वेलची. साय किंचित जड वाटली. लेबलवर लिहून ठेवलंय: पुढच्या वेळी ०.४५.