मन रमेल अशी नोकरी कशी शोधावी

नोकरी शोधताना बहुतेक जण क्षेत्र, हुद्दा आणि पगार यांपासून सुरुवात करतात. या तिन्ही गोष्टींना महत्त्व आहेच. परंतु रुजू झाल्यानंतर आपल्या वाट्याला येतात ते दिवसाचे आठ-नऊ तास, आणि त्या तासांत नेमके काय करावे लागते यावरच मन रमणे किंवा न रमणे अवलंबून असते. प्राण्यांचे प्रेम आहे म्हणून पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यायला हवे की त्याचा बराचसा दिवस प्राण्यांच्या मालकांची समजूत घालण्यात, उपचारांचा खर्च सांगण्यात, नोंदी लिहिण्यात आणि प्रसंगी बरा न होणाऱ्या प्राण्याला वेदनामुक्त मरण देण्यात जाणार आहे. हे ज्याला पेलवते, किंबहुना माणसांशी होणाऱ्या या बोलण्यातही ज्याला गोडी वाटते, तो त्या पेशात समाधानी राहील. म्हणून शोधाच्या आरंभी हुद्द्यांची यादी न करता कृतींची यादी करावी: समजावून सांगणे, मोजमाप घेणे, बिघाड शोधणे, मांडणी करणे, वाटाघाटी करणे, एकट्याने बसून लिहिणे, अनोळखी माणसांशी बोलणे.

ही यादी आठवणीच्या भरवशावर करू नये, कारण आपल्याला काय आवडते याविषयीच्या आपल्या समजुती आणि प्रत्यक्ष अनुभव यांत पुष्कळदा अंतर असते. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी आणि ज्युडिथ लफेव्हर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरदारांना आठवडाभर पेजर, म्हणजे दुरून वाजवता येणारे खिशातले छोटे यंत्र, देण्यात आला होता. तो वाजेल त्या क्षणी आपण काय करत आहोत आणि आपल्याला कसे वाटते आहे, हे त्यांनी लिहायचे होते. तल्लीनतेचे क्षण फावल्या वेळेपेक्षा कामावर कितीतरी अधिक आढळले, आणि तरीही याऐवजी दुसरे काही करत असतो तर बरे, ही भावना लोकांनी कामावर असतानाच जास्त नोंदवली. आपण कशात रंगून जातो हे आपल्याला त्या वेळी कळतेच असे नाही, आणि म्हणूनच ते जागच्या जागी लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

त्यासाठी दोन आठवडे एक साधी नोंदवही ठेवावी. दर दोन-तीन तासांनी काय केले, वेळ कसा गेला आणि त्यानंतर अंगात जोम उरला की नाही, एवढेच लिहावे. मात्र ‘काम चांगले झाले’ अशी मोघम वाक्ये टाळावीत. लेखा विभागातील एखाद्या व्यक्तीची एका दिवसाची नोंद अशी असू शकेल: ‘सकाळी दहा ते साडेअकरा. दोन तक्त्यांतील बेरजा जुळत नव्हत्या, कारण शोधून काढले. दरम्यान फोन वाजून गेला, तो ऐकूच आला नाही. दुपारी तीन ते चार. बैठक. घड्याळाकडे सारखे लक्ष जात होते. साडेचारनंतर. नव्या सहकाऱ्याला तोच तक्ता वाचायला शिकवला. शेवटची चूक त्याने स्वतःच पकडली. घरी जाताना थकवा नव्हता.’ ही व्यक्ती ‘मला हिशेबाचे काम आवडते’ किंवा ‘आवडत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळी झाली, तर हाती आलेली मौल्यवान माहिती वाया जाईल. तिला गुंता उलगडण्यात आणि दुसऱ्याला शिकवण्यात रस आहे, आणि या दोन कृती लेखापरीक्षणापासून प्रशिक्षणापर्यंत अनेक पेशांत सापडतात. सध्या नोकरी नसलेल्यांनी अभ्यास, स्वयंसेवी काम आणि घरच्या जबाबदाऱ्या यांची अशीच नोंद ठेवावी. तीही तितकीच बोलकी असते.

यानंतर किमान अटी ठरवून घ्याव्यात. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली अशी मांडणी केली की पगार, नियम, देखरेख आणि कामाची परिस्थिती वाईट असेल तर माणूस असमाधानी होतो, मात्र त्या चांगल्या असल्या म्हणून कामात गोडी येतेच असे नाही. गोडी येते ती प्रत्यक्ष काम, त्यातील यश आणि त्याची झालेली कदर यांमुळे. त्यांच्या संशोधनपद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, तरी व्यवहारात ही विभागणी उपयोगी पडते असे माझे मत आहे. घरखर्चाला किती रक्कम लागते, किती वेळ प्रवासात घालवता येईल, रात्रपाळी चालेल का, हे कागदावर एकदा ठरवावे आणि त्याखाली उतरू नये. पोटापाण्याची चिंता असताना आवडीच्या कामातही मन लागत नाही.

आता नोंदवहीतून सापडलेल्या आवडीच्या कृती ज्या कामांत येतात, ती कामे प्रत्यक्ष करणाऱ्या माणसांना गाठायला हवे. सर्वांत अधिक श्रम याच टप्प्यावर घ्यावेत. जवळच्या मित्रांनाच विचारून थांबू नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ सालच्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांची माहिती आहे. ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली तो वारंवार भेटणारा होता, असे त्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांनी सांगितले. उरलेल्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण उघड आहे: रोजच्या माणसांना बहुधा आपल्याइतकेच ठाऊक असते, तर दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरत असतो. जुने सहाध्यायी, पूर्वीचे सहकारी, परिचितांचे परिचित यांना नोकरी न मागता अर्ध्या तासाचे बोलणे मागावे. अशा बोलण्याला होकार मिळणे नोकरी मिळण्यापेक्षा सोपे असते.

त्या अर्ध्या तासात ‘काम कसे आहे?’ असे विचारल्यास ‘छान आहे’ एवढेच उत्तर येईल. त्याऐवजी काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केले, असे विचारावे. पुढील प्रश्नांसाठी रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात मांडलेला विचार मार्गदर्शक ठरतो. त्यांच्या मते कामात मन लागण्यासाठी पाच गोष्टी महत्त्वाच्या असतात: विविध कौशल्यांचा वापर, काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हाती असणे, त्याचा इतरांच्या आयुष्यावर होणारा परिणाम, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि आपले काम कसे झाले हे त्या कामातूनच कळणे. म्हणून असे विचारावे: वरिष्ठांना न विचारता अलीकडे कोणता निर्णय घेतलात? हातातले काम पूर्ण झालेले तुम्हाला पाहायला मिळते का? ते चांगले झाले हे कसे आणि किती दिवसांनी कळते? कामातला कोणता भाग कंटाळवाणा आहे आणि तो आठवड्यात किती वेळ खातो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लक्षपूर्वक ऐकावे, कारण कंटाळवाणा भाग प्रत्येक कामात असतो आणि आपण तो सोसू शकतो का, हेच पाहायचे असते.

जमेल तिथे त्या कामाची छोटी चाचणी घ्यावी: एक दिवस कोणासोबत राहून काम पाहणे, सुट्टीच्या दिवशी एखादे लहान काम अंगावर घेणे, स्वयंसेवी संस्थेत तेच काम करणे. मुलाखतीला गेल्यावर ही जागा का रिकामी झाली आणि पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षित आहे, हे निःसंकोचपणे विचारावे आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्यांची भेट झाल्याखेरीज होकार देऊ नये. नवी नेमणूक लेखी हाती येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याचे टाळावे.

नवे काम पहिल्या आठवड्यातच आवडेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या २०१८ सालच्या संशोधनात असे दिसले की आवड ही मुळातच ठरलेली असते असे मानणाऱ्यांचा नव्या विषयातला रस, तो विषय अवघड होताच अधिक झपाट्याने ओसरतो. हात बसल्यावर गोडी वाढते अशी कामे पुष्कळ आहेत, त्यामुळे शिकण्याच्या काळातली दमछाक म्हणजे नावड असे समजून काम सोडण्याची घाई करू नये.

शिवाय कामाला थोडेफार वळण देणे आपल्या हाती असते. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ साली लिहिलेल्या लेखात रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचे उदाहरण आहे: काही जण नेमून दिलेली सफाई तेवढी करत, तर काही जण रुग्णांची विचारपूस करत, परिचारिकांच्या कामाचा ओघ पाहून आपल्या कामाच्या वेळा जुळवत आणि रुग्णांच्या शुश्रूषेत आपलाही वाटा मानत. हुद्दा एकच, पण काम वेगळे झाले होते. असा बदल सध्याच्या नोकरीतही करून पाहता येतो. त्यासाठी वरिष्ठांकडे ‘मला आवडीचे काम द्या’ अशी मागणी न करता नेमका प्रस्ताव न्यावा: नव्याने येणाऱ्यांना तक्ते शिकवण्याची जबाबदारी दोन महिने मी घेतो, त्या बदल्यात साप्ताहिक अहवालाचे संकलन दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावे, तो तयार आहे. मुदत आणि कामांची अदलाबदल अशी स्पष्ट असली की होकार देणे वरिष्ठांनाही सोपे जाते, आणि नकार आलाच तर त्या जागेवर थांबायचे की नव्याने शोध सुरू करायचा, हे ठरवायला लागणारी माहिती आपल्याला मिळालेली असते.